भरलेलं पाकीट परत जातं, रिकामं का जात नाही?

मा. सचिव, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, मंत्रालय, मुंबई,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, सायन, मुंबई,
आणि ज्यांचा माल मी रोज विकतो त्या सगळ्या कंपन्यांचे साहेब लोक यांस,

स.न.वि.वि.

करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठच्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, गेली पंचवीस-तीस वर्षं मी चालवतोय. वेफर्स, शेव, बिस्किटं, शाम्पूच्या लडी, साबणाची पावडर, मसाल्याच्या पुड्या, दूध, सगळं विकतो. त्यामुळं हे पत्र कुणा पर्यावरणवाल्याचं आहे असं समजून बाजूला सारू नका. गावच्या गटारात जो चकचकीत कचरा अडकतो, त्यातला बराचसा माझ्याच काउंटरवरून गेलेला आहे. तक्रार करणारा आणि गुन्ह्यात सामील असणारा, दोन्ही मीच.

दर मंगळवारी एजन्सीचा टेम्पो येतो. सेल्समन ऑर्डर घेतो, नवीन स्कीम सांगतो आणि निघताना विचारतो, "शेठ, एक्स्पायरी काय?" मी खोकं पुढं सरकवतो. मुदत संपलेली पाकिटं, हवा गेलेली, उंदरानं कुरतडलेली. तो एकेक पाकीट हातात घेतो, बॅच नंबर बघतो, मोबाइलवर टिपतो आणि पुढच्या बिलात तेवढी रक्कम वजा होऊन येते. मागं एकदा पाच रुपयांच्या एका पाकिटावरून आमची चांगली दहा मिनिटं हुज्जत झाली. उंदरानं खाल्लंय की माझ्याच हातून फाटलंय, यावर. पाच रुपयांच्या पाकिटासाठी कंपनीकडं माणूस आहे, वेळ आहे, टेम्पो आहे, हिशोब आहे. तेच पाकीट एखाद्या पोरानं खाल्लं आणि माझ्या पायरीवर टाकलं, की त्या घडीपासून ते कुणाचंच नाही.

आमचा बाजार शुक्रवारी. शनिवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या झाडणाऱ्या मावशी येतात. पुठ्ठा एका बाजूला, पाण्याच्या बाटल्या एका बाजूला, धुतलेली दुधाची पिशवी मिळाली तर ती वेगळी. हे सगळं भंगारवाला किलोवर घेतो, त्यांना चहापाण्याचे चार पैसे सुटतात. उरतो तो चांदीसारखा ढीग. मावशी मला एकदा म्हणाल्या, "दादा, ह्ये भंगारवाला घेत न्हाई, गाडीवाला घेत न्हाई. पेटवू का?" मी काय सांगणार? पेटवू नका म्हणालो. त्यांनी तो ढीग ओढ्याच्या कडेला नेला. पावसाळ्यात ओढा भोगावतीला मिळतो, भोगावती पंचगंगेला. २०१९ चा पूर ओसरला तेव्हा उसाच्या शेंड्यांवर काय लटकत होतं ते आम्ही पाहिलंय.

भंगारवाला का घेत नाही, हे मी माझ्याच काट्यावर करून पाहिलं. एक रिकामं पाकीट ठेवलं तर काटा धड हलत नाही. वीस ठेवली तेव्हा चाळीस ग्रॅमच्या आसपास भरली. म्हणजे एक किलो व्हायला पाचशे पाकिटं. पाचशे वेळा वाकायचं, पाचशे वेळा आतलं तिखट-मीठ झटकायचं, आणि त्याला भाव शून्य. कारण प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि त्याला धातूचा पातळ मुलामा एकमेकांना असा चिकटवलेला असतो की तो पुन्हा सुटा करणं कुणाला परवडत नाही. वेफर्स कुरकुरीत राहतात ते त्याच्यामुळंच, हेही खरं. वडिलांच्या काळी बिस्किटं पत्र्याच्या डब्यातून सुटी विकायची, आणि आमच्याकडच्या आषाढात ती दोन दिवसांत मऊ पडायची. मला ते दिवस परत नकोत. पण कुरकुरीतपणाचे पैसे कंपनी घेते आणि चिकटवलेले थर आमच्या ओढ्याला मिळतात, ही वाटणी मला मान्य नाही.

ही वाटणी कायद्यालाही मान्य नव्हती. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत फार चांगलं कलम होतं: पुनर्प्रक्रिया होऊ न शकणारं बहुथरी प्लॅस्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करायचं. दोन वर्षं मार्च २०१८ मध्ये भरत होती. नेमक्या त्याच मार्चमध्ये दुरुस्ती आली आणि कलमाला शेपूट जोडलं गेलं: ज्याची पुनर्प्रक्रिया होत नाही, किंवा ज्यातून ऊर्जा मिळवता येत नाही, किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, असं प्लॅस्टिक. आता जळत नाही असं प्लॅस्टिक मला दाखवा. सिमेंटच्या भट्टीत घातलं की ऊर्जा मिळाली, म्हणजे बंद करायची गरज संपली. त्या भट्ट्या आहेत चंद्रपूरकडं, नाहीतर कर्नाटकात बागलकोट-कलबुर्गीकडं. माझ्या पायरीवरून तिथवर ते पाकीट नेणार कोण, हे त्या शेपटीत लिहिलेलं नाही.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' आली, ज्याला तुम्ही ईपीआर म्हणता: ज्या कंपनीनं वेष्टन बाजारात आणलं, तिनंच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची. आकडे वाचून मला तरी आनंद झाला होता. जेवढं प्लॅस्टिक बाजारात आणलं त्यातल्या २५ टक्क्यांची जबाबदारी २०२१-२२ ला, ७० टक्क्यांची पुढच्या वर्षी आणि २०२३-२४ पासून पूर्ण १०० टक्क्यांची. बहुथरी वेष्टनांपैकी २०२४-२५ ला किमान ३० टक्क्यांची पुनर्प्रक्रिया, ती वाढत २०२७-२८ ला ६० टक्के. म्हणजे कागदावर बघितलं तर माझ्या दारात पडलेल्या प्रत्येक पाकिटाला मालक सापडलेला आहे. गावात मात्र तो मालक अजून कुणी पाहिलेला नाही.

का, ते समजून घ्यायला मला एक उचापत करावी लागली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दुकानाबाहेर पाटी लावली: दहा रिकामी पाकिटं आणा, मूठभर भाजके शेंगदाणे न्या. (आधी चॉकलेट द्यायचा विचार होता. मग लक्षात आलं की चॉकलेटलाही कागद असतोच.) पहिल्या दिवशी दोन पोरं आली. चौथ्या दिवशी दुकानापुढं रांग. आठवड्यात शाळेपासून एसटी थांब्यापर्यंतचा रस्ता असा दिसायला लागला की सरपंचांनी मला विचारलं, काय निवडणुकीला उभा राहणार आहेस काय. सुट्टी संपेपर्यंत सुमारे तीन हजार पाकिटं जमली. वजन केलं, सहा किलो. शेंगदाणे गेले साडेसात किलो. बायकोनं हिशोब ऐकला आणि काही न बोलता आत गेली.

त्यात एक सातवीतला पोरगा होता. चुणचुणीत. तिसऱ्या दिवसापासून त्याची पाकिटं जास्त यायला लागली, पण लहान दिसायला लागली. बघितलं तर पठ्ठ्या एक पाकीट मधून फाडून दोन म्हणून मोजत होता. मी कान धरला, तो हसला, मीही हसलो. सापडला, कारण पाकीट माझ्या हातात होतं.

आता तुमच्याकडं बघा. ईपीआरमध्ये कंपनीनं स्वतः पाकीट उचलावं असं बंधन नाही. कुठल्यातरी पुनर्प्रक्रिया कारखान्यानं इतके टन प्लॅस्टिक हाताळलं असं प्रमाणपत्र काढायचं, कंपनीनं ते विकत घ्यायचं आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर चढवायचं. जबाबदारी पार पडली. २०२३ मध्ये त्याच केंद्रीय मंडळानं काही कारखाने तपासले, तेव्हा गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर खोटी प्रमाणपत्रं काढल्याचं बाहेर आलं. माझ्या सातवीतल्या पोराला निदान आधी एक खरं पाकीट तरी उचलावं लागत होतं.

खोटी सोडा, खऱ्या प्रमाणपत्रातही गाव नसतं. बहुथरीचं प्रमाणपत्र बहुथरीलाच लागतं, हे ठीक. पण ते प्लॅस्टिक कुठून गोळा झालं याला महत्त्व नाही. मोठ्या शहरातल्या कचरा डेपोवर एका जागी टनानं मिळतं, तिथून ते स्वस्तात गोळा होतं. मग आमच्या गावात येऊन पाचशे वेळा वाकायला कंपनी माणूस कशाला पाठवेल? तिचं देशाचं वजन पुरं झालं. माल विकायला वाडी-वस्तीपर्यंत टेम्पो येतो आणि जबाबदारी मात्र शहराच्या वेशीवर थांबते. विक्रीचा हिशोब कंपनीकडं दुकानवार आहे. माझ्या दुकानात कुठल्या महिन्यात किती खोकी खपली हे सेल्समन माझ्याआधी सांगतो. मग गोळा केलेल्याचा हिशोब निदान तालुकावार का मागत नाही तुम्ही?

आणि मधल्या मधे खर्च कोण करतंय? स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निधी मिळतो. तालुक्याच्या प्लॅस्टिक केंद्राला १६ लाखांपर्यंत. हा पैसा आपल्या सगळ्यांच्या कराचा. म्हणजे पाकिटावर नफा कंपनीचा, पाकीट उचलायची मजुरी सरकारी तिजोरीतून आणि ती न पुरल्यावर उरलेलं ओढ्याच्या पदरात. नियमाच्या नावात जबाबदारी उत्पादकाची आहे, एवढंच.

आता महाराष्ट्र शासनाला एक जुनी गोष्ट आठवण करून द्यायची आहे. २३ मार्च २०१८ ची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना. तिच्यात दुधाच्या पिशवीबद्दल लिहिलं होतं: पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि तिच्यावर पुनर्खरेदीची किंमत छापलेली हवी, ५० पैसे. ग्राहकानं रिकामी पिशवी परत द्यायची, पन्नास पैसे घ्यायचे. पाण्याच्या बाटल्यांनाही तशीच परतीची किंमत ठरवली होती. मी रोज सकाळी साडेपाचला दुधाचे क्रेट उतरवून घेतो. पन्नास पैसे छापलेली पिशवी आजतागायत माझ्या हातात आलेली नाही.

त्याच अधिसूचनेचा दुसरा भाग मात्र माझ्यापर्यंत नीट पोचला. पथक आलं, गल्ल्याखाली पातळ कॅरीबॅगांचा गठ्ठा सापडला, पहिल्या गुन्ह्याचे पाच हजार भरले. चूक माझी होती, मी नाही म्हणत नाही. पण पावती फाडणारे साहेब ज्या जागी उभे होते, तिथं त्यांच्या डोक्याला शाम्पूच्या लडी लागत होत्या. त्यांनी हातानं त्या बाजूला सारल्या आणि सही केली. एका रुपयाच्या त्या पुडीला आजवर कुणी दंड केलेला मी पाहिलेला नाही. तीच पुडी नदीच्या घाटावर कपडे धुवायच्या दगडांमध्ये अशी बसते की नखानं काढावी लागते. गुटख्याच्या पुडीबद्दल तर बोलायलाच नको. माल २०१२ पासून राज्यात बंद, प्लॅस्टिकच्या पुडीत भरायलाही बंदी, आणि तरी गटारात पुडी रोज ताजी.

"खेड्यापाड्यातून रिकामी पाकिटं गोळा करणं व्यवहार्य नाही," असं कंपन्यांचे लोक सांगतात. त्यांना मी १९९९ सालची आठवण देतो. क्रिकेटच्या विश्वचषकाचं वर्ष. एका बिस्किट कंपनीनं पुड्याच्या कागदावर धावा छापल्या होत्या. शंभर धावांचे कागद जमवून दिले की खरवडायची पुस्तिका मिळायची, नशीब असेल तर थेट इंग्लंडला सामना बघायला जायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या गावात त्या बिस्किटाचा एक कागद रस्त्यावर सापडत नव्हता. पोरं गटारातून काढून धुऊन आणायची. मी स्वतः काउंटरवर बसून कागद मोजलेत. तेव्हा कंपनीकडं मोबाइल नव्हता, पोर्टल नव्हतं. फक्त रिकाम्या कागदाला किंमत होती.

वडिलांच्या वहीत तर पान होतं त्याचं. थंड पेयाच्या काचेच्या बाटल्या, क्रेटमध्ये चोवीस. कुणी बाटली घरी नेली की नाव लिहायचं आणि डिपॉझिट घ्यायचं. पाहुणे आलेत म्हणून सहा बाटल्या नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी स्वतः परत आणून द्यायचा. त्याला पर्यावरणाची काळजी होती असं नाही, त्याचे पैसे अडकलेले असायचे. मुंबईकरांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. रिकामी दिली तर भरलेली मिळे. परत घेणं ही गोष्ट आपल्याला परदेशातून शिकायची नाही, आपण ती मोडून खाल्ली आहे.

आणि आजही जमतं. निलगिरीत जंगली जनावरांच्या पायात काचा जातात म्हणून मद्रास उच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागं दहा रुपये डिपॉझिट सुरू झालं. बाटल्या परत येतात. पुढं तमिळनाडूच्या इतर जिल्ह्यांतही ती पद्धत नेली. केरळनं २०२५ मध्ये वीस रुपयांची तशीच योजना काही जिल्ह्यांत सुरू केली. आमच्या घाटाखालच्या गोव्यानं २०२४ मध्ये डिपॉझिट परतीची योजना अधिसूचित केली. दारू पिऊन झाल्यावर माणूस बाटली परत करायला जातो, तर वेफर्स खाऊन झाल्यावर का जाणार नाही?

माझ्या शेंगदाण्यांचा हिशोब पुन्हा केला. साडेसात किलोचे एक हजार पन्नास रुपये झाले. तीन हजार पाकिटांवर विभागले की पाकिटामागं पस्तीस पैसे. तुमच्या २०१८ च्या पन्नास पैशांपेक्षा पंधरा पैसे कमी.

म्हणून मागणं एवढंच आहे की पाकिटावर पैसे छापा आणि ते परत द्यायला लावा. दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करा, कारण तो निर्णय तुमचा तुम्हीच घेतलेला आहे. मग वेफर्स, मग शाम्पूच्या पुड्या. पाच रुपयांच्या पाकिटावर पन्नास पैसे, परत दिलं की परत. रिकामं पाकीट त्याच मंगळवारच्या टेम्पोतून जाऊ दे, येताना भरलेला असतो, जाताना रिकामाच जातो. आणि कंपनीला पोर्टलवर जे वजन दाखवायचं आहे, ते त्या टेम्पोच्या पावत्यांवरून दाखवू दे. गावाचं नाव त्यात आपोआप येईल.

दुकानदारांचं म्हणाल तर आम्ही काही समाजसेवा करणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. उष्ट्या पाकिटांना मुंग्या लागतात, उंदीर येतात, आणि माझं दुकान बारा बाय दहाचं आहे. पाकिटामागं दहा पैसे हाताळणी मिळाली पाहिजे, पोतं कंपनीनं द्यावं, आणि दर आठवड्याला उचललंच पाहिजे. एक आठवडा चुकला तर पुढचा माल उतरवून घेणार नाही, अशी मुभा आम्हाला नियमातच हवी. एक-एक पाकीट मोजणं जमलं नाही तर वजनावर घ्या, काटा प्रत्येक दुकानात असतो.

याचा अजून एक फायदा कंपन्यांना आवडणार नाही, पण सांगतो. सध्या दहा लहान पाकिटं विकणं एका मोठ्या पाकिटापेक्षा त्यांना सोयीचं पडतं. डिपॉझिट नगावर लागलं की दहा पाकिटांवर दहा वेळा लागेल, परत घ्यायचा त्रासही दहापट. मग आठ लहान पुडे एका मोठ्या पुड्यात घालायची हौस कमी होईल. कचरा कमी करा असं सांगून कुणी करत नाही, त्याचा त्रास ज्याचा त्याला झाला की करतात. सध्या तो त्रास मावशींना होतोय.

तुमचा कल मात्र उलटा दिसतो. जुलै २०२५ पासून वेष्टनावर छापायची माहिती क्यूआर कोडमध्ये दिली तरी चालेल अशी सवलत कंपन्यांना मिळाली. म्हणजे पाकीट कुणाचं, नोंदणी कुठली, हे गटारातून काढलेल्या पाकिटावर वाचायचं तर आधी ते धुवायचं, वाळवायचं आणि मग मोबाइल धरायचा. मी करून पाहिलं. ओलं पाकीट स्कॅन होत नाही.

दिवाळीची ती सहा किलो पाकिटं पोत्यात बांधून मी माळ्यावर ठेवली होती. परवाच्या मंगळवारी एक्स्पायरीच्या खोक्याशेजारी ते पोतं ठेवलं. सेल्समननं नेहमीसारखी मुदत संपलेली सात पाकिटं मोजली, टिपली, उचलली. मग पोत्याकडं बघून म्हणाला, "हे काय, शेठ?"

म्हटलं, "तुमचाच माल आहे. फक्त रिकामा."

त्यानं मोबाइलवर खाली-वर करून बघितलं. चांगला पोरगा आहे, खरंच शोधलं त्यानं. म्हणाला, "शेठ, याला सिस्टीममध्ये कोड नाही."

तो कोड मंडळानं टाकायचा, मंत्रालयानं की कंपनीनं, एवढं कळवा. पोतं परत माळ्यावर ठेवलं आहे.

आपला,
एक किराणा दुकानदार
ता. करवीर, जि. कोल्हापूर